एका शेगडीवरचा चॉकलेट चिवडा

सोसायटीच्या ग्रुपवर ३१ डिसेंबरची यादी फिरली, शेजारच्या ताईंनी पावभाजी घेतली, समोरच्यांनी ढोकळा घेतला आणि तुमच्या नावापुढे ‘काहीतरी गोड’ असं लिहून आलं? मग चला, ओटा पुसून घ्या. आज आपण मखाणे, चुरमुरे, कॉर्नफ्लेक्स आणि खारे दाणे पांढऱ्या चॉकलेटमध्ये घोळवून वरून लोणावळ्याची चिक्की भुरभुरवणार आहोत. ओव्हन लागत नाही, साखरेचा पाक नाही, तळणही नाही. मोशी-रावेतच्या मोठ्या स्वयंपाकघरात हा चिवडा होतो, तसाच निघोजे किंवा खराबवाडीच्या भाड्याच्या खोलीत एका शेगडीवरही होतो. हाताला काम पाऊण तासाचं, नंतर पाऊण तास नुसता वाळायचा. पंचवीस-तीस जणांना मूठ-मूठभर पुरतो.

सांभाळायचं आहे फक्त पाणी. भांडं, हात, चमचा, पाट, सगळं कोरडं ठणठणीत हवं. एवढं जमलं की बाकी काही बिघडत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा.

सामान असं आणा: पांढरं कंपाउंड चॉकलेट अर्धा किलो, मखाणे ७५ ग्रॅम, साधे कॉर्नफ्लेक्स १२५ ग्रॅम, जाड चुरमुरे ५० ग्रॅम, खारे दाणे २०० ग्रॅम, शेंगदाण्याची चिक्की २०० ग्रॅम, काळ्या मनुका १०० ग्रॅम, टुटीफ्रुटी ५० ग्रॅम, अर्धा चमचा वेलची पूड, थोडं जायफळ. एक चमचा खोबरेल तेल (खायचं) हाताशी असू द्या, लागलं तर लागलं. चुरमुरे भडंगाचे मागा. भेळेचे पातळ चुरमुरे चॉकलेटच्या वजनाखाली चुरगळतात. कॉर्नफ्लेक्स मधाचे नकोत, सगळं मिळून फार गोड होतं. सुका मेवा आणि चॉकलेटची लादी पिंपरी कॅम्पात एकाच फेरीत मिळून जाते. चिक्कीसाठी लोकलने लोणावळ्याला कुणी जाणार असेल तर सांगून ठेवा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातली कडक चिक्कीही चालते. मात्र दाताला चिकटणारी मऊ चिक्की घेऊ नका. चॉकलेटच्या आणि टुटीफ्रुटीच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, पार्टीत कुणीतरी विचारतंच.

आता माझ्याबरोबर एकेक करत चला. क्रम मोडू नका. चॉकलेट एकदा वितळलं की ते तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून बाकीची सगळी तयारी आधी.

१. दोन मोठी ताटं घ्या आणि त्यांवर बटर पेपर अंथरा. पेपर नसेल तर ताटाला तुपाचं बोट फिरवा. वर्तमानपत्र अंथरू नका, शाई लागते आणि कागदही चिकटून बसतो.

२. मोठ्यात मोठं पातेलं कोरड्या फडक्याने आतून पुसून ओट्यावर ठेवा. साहित्य पातेल्याच्या निम्म्यापर्यंतच यायला हवं. भांडं लहान पडलं तर घोळवताना अर्धे मखाणे ओट्यावर येतील.

३. कढई मंद आचेवर ठेवून मखाणे कोरडेच भाजा. तूप घालायचं नाही. आठ-दहा मिनिटं सारखं हलवत राहा. आच वाढवलीत तर बाहेरून डाग पडतील आणि आतून ते चिवटच राहतील.

४. एक मखाणा बाहेर काढा, अर्धा मिनिट गार होऊ द्या आणि दोन बोटांत दाबा. कट्‌ असा आवाज होऊन भुगा झाला की भाजणं झालं. नुसता दबला तर आणखी दोन मिनिटं भाजा. गरम असताना परीक्षा घेऊ नका, गरम मखाणा मऊच लागतो.

५. मखाणे एका ताटात पसरून ठेवा. ढीग केला तर स्वतःच्याच वाफेने पुन्हा नरमतात.

६. त्याच कढईत चुरमुरे टाका आणि तीन-चार मिनिटं गरम करा. रंग बदलायची वाट बघायची नाही, हाताला हलके आणि कुरकुरीत लागले की उतरवा. कॉर्नफ्लेक्स ताज्या पाकिटातले असतील तर भाजायची गरज नाही.

७. खारे दाणे चाळणीत घेऊन एकदा झटकून घ्या. सुटं मीठ आणि साल खाली पडू दे. ते तसंच चॉकलेटमध्ये गेलं तर एखादा घास खारट लागतो.

८. मनुका कोरड्या रुमालात घेऊन चोळा आणि देठं काढून टाका. धुवायच्या नाहीत! आधीच धुतल्या असतील तर आज बाजूला ठेवा, टुटीफ्रुटी थोडी वाढवा.

९. चिक्की पाकिटातच ठेवून वरून लाटणं मारा. हरभऱ्याएवढे तुकडे हवेत, पीठ नको. तुकडे झाल्यावरही पाकीट बंदच ठेवा, उघडी चिक्की हवेतला ओलावा ओढून चिकट होते.

१०. मखाणे आणि चुरमुरे हाताने तपासा. पूर्ण गार झाले असतील तरच पुढे जायचं. कोमट असतील तर चॉकलेट त्यांच्यावरून ओघळून खाली साचेल. पंख्याखाली दहा मिनिटं ठेवा, तेवढ्यात चहा घ्या.

११. लहान मुलांसाठी दोन मुठी कॉर्नफ्लेक्स वेगळ्या वाटीत काढा. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, मखाणे किंवा चिक्की देऊ नका, घशात अडकतात. त्यांची वाटी नंतर वेगळी घोळवू.

१२. मखाणे, चुरमुरे, उरलेले कॉर्नफ्लेक्स, दाणे आणि मनुका मोठ्या पातेल्यात एकत्र करा. चिक्की आणि टुटीफ्रुटी अजून नाही. हाताने खालून वर दोनदा हलवा, पुरे.

(पार्टीच्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार आला असेल तर हे सगळं एकत्र करण्याआधीच थोडे मखाणे उपासवाल्यांसाठी काढून ठेवा. घरचे भाजलेले दाणे आणि गुळाचे खडे त्यांत मिसळून द्या. त्या काकूंना तुम्ही आठवणीने वाटी दिलीत हे त्या वर्षभर विसरत नाहीत.)

१३. कोरड्या पाटावर चॉकलेटची लादी सुरीने बारीक चिरा. भाजीचा पाट नको, त्याला कांद्या-लसणाचा वास असतो. मोठे तुकडे ठेवलेत तर बाहेरचं जास्त तापेल आणि आतला गोळा तसाच राहील.

१४. एका छोट्या पातेल्यात दोन बोटं पाणी घेऊन उकळी आणा. जास्त पाणी घेऊ नका, वर ठेवायच्या वाडग्याच्या बुडाला ते लागता कामा नये.

१५. उकळी आली की गॅस बंद करा. हो, बंदच. पांढरं चॉकलेट फार नाजूक, चालू गॅसवर ते बघता बघता करपतं आणि करपलेलं परत येत नाही. उकळलेल्या पाण्याची ऊब त्याला पुरते.

१६. चॉकलेटचा वाडगा पातेल्यावर बसवा. वाडगा पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठा हवा, म्हणजे कडेने वाफ वर येऊन आत शिरणार नाही.

१७. दोन मिनिटं हात लावू नका. आणि झाकण तर मुळीच ठेवू नका. मी एकदा लवकर वितळावं म्हणून ताटली झाकली. ताटलीखाली वाफेचे थेंब जमले, वाडग्यात पडले आणि अर्धा किलो चॉकलेट डोळ्यांदेखत रव्याच्या शिऱ्यासारखं दाटून बसलं. पाहुणे यायला दोन तास होते. तेव्हापासून या पायरीला मी ओट्यापासून हलत नाही, तुम्हीही हलू नका.

१८. कोरड्या कालथ्याने मधून कडेकडे हलवायला लागा. तीन-चार मिनिटांत सगळं रेशमासारखं होईल. एखादा तुकडा राहिलाच तर हलवत राहा, तोही विरघळतो. पाणी फारच निवलं असेल तर वाडगा खाली उतरवून पाणी पुन्हा गरम करा आणि मगच वाडगा परत ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने बाहेर काढून हलवत वितळवा, सलग दोन मिनिटं लावू नका.

१९. चॉकलेट दाट वाटलं किंवा कणी दिसली तर खोबरेल तेल थेंब-थेंब घालून हलवा. दूध किंवा पाणी घालून पातळ करायला जाऊ नका, ते आणखी घट्ट होईल. तेलानेही सुटलं नाही तर ते चॉकलेट टाकून देऊ नका, गरम दुधात घालून मुलांना द्या. चिवड्यासाठी नवीन लादी चिरा.

२०. वेलची पूड आणि किसलेलं जायफळ चॉकलेटमध्ये मिसळा. बाटलीतला इसेन्स नको, त्यात बहुतेक वेळा पाणी असतं. जायफळ दोन चिमटीच, वास आला पाहिजे, चव जाणवली की जास्त झालं.

२१. वाडगा उचला आणि त्याचं बूड फडक्याने पुसा. ही पायरी सगळे विसरतात. बुडाला वाफेचं पाणी असतं, वाडगा कलता केला की ते थेट तुमच्या कुरकुरीत मखाण्यांवर गळतं.

२२. मुलांच्या वाटीत चमचा-दीड चमचा चॉकलेट घालून ती आत्ताच घोळवा.

२३. उरलेल्या चॉकलेटचा तिसरा हिस्सा मोठ्या पातेल्यात गोल फिरवत ओता. सगळं एकदम ओतलंत तर वरचे मखाणे बुडतील आणि खालचे कोरडे राहतील.

२४. दोन कालथ्यांनी खालून उचलून वर पलटा. गोल ढवळायचं नाही, भात मोकळा करतो तसं हलक्या हाताने. जोर लावलात तर कॉर्नफ्लेक्सचा चुरा होईल.

२५. बाकीचं चॉकलेट याच रीतीने दोन वेळा ओता आणि पलटा. प्रत्येक मखाण्याला पातळ साय धरल्यासारखं दिसलं की थांबा. हे सगळं पाच मिनिटांत उरकायला हवं. थंडीत चॉकलेट लवकर आवळतं, चाकणकडे मोकळ्यावर राहत असाल तर अजून लवकर. या पाच मिनिटांत फोन उचलू नका.

२६. मिश्रण दोन ताटांत वाटून एकेरी थरात पसरा. थर जाड राहिला तर एकसंध वडी होईल आणि फोडायला परत लाटणं लागेल.

२७. लगेच चिक्कीचे तुकडे वरून पसरा. चॉकलेट ओलं आहे तोवरच ते धरतात. बोटांनी हलकेच दाबा.

२८. टुटीफ्रुटी सगळ्यात शेवटी भुरभुरवा. हाताला चिकट लागत असेल तर आधी कागदावर पसरून सुकवा.

२९. ताटं डायनिंग टेबलाच्या मधोमध पाऊण तास ठेवा. टेबल भिंतीला टेकलेलं नको, मुंग्यांना वाट मिळते. फ्रिजमध्येही ठेवायचं नाही! बाहेर काढलं की त्यावर दव धरतं आणि मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा तासाभरात जातो. डिसेंबरातली आपली कोरडी हवा हे काम छान करते.

३०. एक तुकडा उचलून बघा. पेपरवरून स्वच्छ सुटला, बोटाला लागला नाही, की तयार. लागला तर अजून पंधरा मिनिटं.

३१. हाताने मोडून दोन-तीन घासांचे तुकडे करा. अगदी सुटं करू नका, चिकटलेले गुच्छच खायला मजा येते.

३२. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. डबा उन्हात सुकवलेला असावा. आठवडाभर टिकतो, पण पहिल्या चार दिवसांतली चव वेगळीच. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांनी आदल्या सकाळीच करून ठेवावा, रात्री बारानंतर घरी येऊन हे करायला बसू नये.

३३. कंपनीत न्यायचा असेल तर मूठ-मूठ कागदी पुड्यांत बांधा. दुचाकीच्या डिकीत दुपारच्या उन्हात ठेवू नका, संध्याकाळपर्यंत एकच गोळा होईल. मशीनवर नको, पुड्या चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्येच उघडा.

३४. पार्टीत डब्याशेजारी ठळक अक्षरांत चिठ्ठी ठेवा: ‘यात शेंगदाणे आणि दूध आहे.’ ज्यांना चालत नाही त्यांना विचारत बसावं लागू नये.

३५. टेबलावर डबा मांडायच्या आधी एक भरलेली वाटी गेटवरच्या वॉचमनकाकांना नेऊन द्या. बारा वाजता सगळे टेरेसवर असतील तेव्हा ते खालीच उभे असणार आहेत, आणि तोवर डब्यात काही उरलेलं नसेल.