सत्संगाच्या ध्वनिमुद्रणाचे संकलन : सॉफ्टवेअर कसे निवडावे ?

आपल्यापैकी अनेक जण आपापल्या केंद्रात सत्संगाचे थेट ध्वनिमुद्रण करण्याची सेवा करतात. पंख्यांची घरघर, मागच्या रांगेतील खोकला, रस्त्यावरचे हॉर्न हे सगळे प्रवचनासोबत मुद्रित होते. मग प्रश्न येतो, 'संगणकावर संकलन करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे ?' या लेखात त्याचा विचार करूया. त्याआधी संकलनात काय जपायचे आहे, ते पाहू.

१. काय जपायचे आहे ?

महाभारतातील द्रोणाचार्यांचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. अश्वत्थामा मारला गेला, हे युधिष्ठिराचे शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आले; 'हत्ती' हा शब्द मात्र हळू उच्चारला गेला. अर्धेच ऐकून त्यांनी शस्त्र खाली ठेवले. संकलनात अजाणतेपणी असेच घडू शकते.

मी हिंदी प्रवचनांचे मराठीत भाषांतर करण्याची सेवा करते. एकदा आवाज 'स्वच्छ' केलेली फाइल माझ्याकडे आली. ती ऐकून मी 'क्रोध दाबायचा, त्याकडे पाहायचे', असे लिहिले. वाक्य मनाला खटकले, म्हणून मूळ फाइल मागवली. वक्त्यांनी 'दाबायचा नाही' या अर्थाचे सांगितले होते. शेवटचा शब्द त्यांनी आवाज खाली आणून उच्चारला होता आणि पंख्याचा आवाज काढताना तोही निघून गेला होता. मूळ फाइल कुणीतरी जपून ठेवली होती. नाहीतर उलटा उपदेश माझ्या हातून वाचकांपर्यंत गेला असता.

मराठी प्रवचनात तर अधिकच सावध राहावे लागते. 'नाही', 'नको', 'नये' हे शब्द आपल्याकडे बहुधा वाक्याच्या शेवटी येतात आणि बोलताना नेमका तिथेच आवाज उतरतो.

२. निवडताना स्वतःला विचारायचे प्रश्न

अ. मुद्रण किती मायक्रोफोनवर झाले आहे ? एकट्या वक्त्याच्या प्रवचनाला साधे सॉफ्टवेअर पुरते. भजनात गायक, हार्मोनियम, तबला यांचे वेगवेगळे ट्रॅक असतील, तर अनेक ट्रॅक सहज सांभाळणारे सॉफ्टवेअर लागते.

आ. काय काढले जात आहे, ते ऐकता येते का ? प्रवचनासाठी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

इ. मूळ फाइल तशीच राहते का ?

ई. खर्च एकदाच होणार की दरमहा ? आपण गावाला गेलो, तर दुसरा सेवेकरी ते काम पुढे नेऊ शकेल का ?

३. काही पर्याय

ऑडॅसिटी : हे विनामूल्य आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००० सालापासून उपलब्ध आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यातील 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'रेसिड्यू' हा पर्याय आहे. तो निवडला की जो आवाज काढला जाणार आहे, तेवढाच ऐकू येतो. त्यात केवळ पंखा ऐकू आला, तर ठीक. शब्द ऐकू आले, तर प्रमाण कमी करावे. बहुतेक केंद्रांनी येथूनच आरंभ करावा.

ओशनऑडिओ : हेही विनामूल्य आणि शिकायला सोपे आहे. एकच फाइल कापणे-जोडणे एवढेच काम असेल, तर उपयुक्त. मात्र उघडलेल्या फाइलवर 'सेव्ह' दाबले की बदल त्याच फाइलवर होतात. त्यामुळे नेहमी प्रत काढून तीच उघडावी.

रीपर : अनेक ट्रॅकच्या भजनांसाठी उत्तम. ६० दिवस सर्व सुविधांसह वापरून पाहता येते. त्यानंतर परवाना घ्यावा लागतो. वैयक्तिक वापरासाठी आणि ना-नफा संस्थांसाठी सवलतीचा दर आहे.

अ‍ॅडोबी ऑडिशन : यातही 'फक्त काढलेला आवाज ऐका' अशी सोय आहे. परंतु ते वर्गणीवर मिळते. अर्पणातून आलेल्या पैशांतून दरमहा खर्च करण्यापूर्वी, विनामूल्य साधनात नेमके काय अडते, ते लिहून काढावे. कागदावर काहीच उतरले नाही, तर खर्चाची आवश्यकता नाही.

४. संकलन करताना

अ. आधी मूळ वेव्ह फाइलची प्रत करावी आणि मूळ फाइल वेगळ्या ठिकाणी ठेवावी. एका ट्रॅकची, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची दीड तासाची फाइल सुमारे ४७५ एमबी होते. म्हणजे ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये साठहून अधिक प्रवचने मावतात. जागेच्या काळजीने मूळ फाइल पुसू नये.

आ. प्रवचनापूर्वी कुणी बोलत नसताना, पंखे चालू ठेवून १० सेकंद मुद्रण करावे. पुढे नको असलेला आवाज ओळखण्यासाठी हाच नमुना सॉफ्टवेअरला द्यावा लागतो.

इ. मुद्रण करतानाच आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. पातळी ओलांडून फाटलेला आवाज कोणतेही सॉफ्टवेअर पूर्ववत करू शकत नाही.

ई. शांतता आपोआप कापणारी सोय प्रवचनासाठी वापरू नये. हिंदीतील 'रोको मत, जाने दो' आणि 'रोको, मत जाने दो' यांत भेद केवळ थांबण्याच्या जागेचा आहे. शिवाय वक्ते थांबतात, तेव्हा श्रोता चिंतन करत असतो.

उ. शेवटी हेडफोन लावून संपूर्ण फाइल एकदा ऐकावी. प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द कानावर येतो का, याकडे विशेष लक्ष द्यावे. शंका वाटली, तर मूळ फाइल लावून पडताळावे.

पंख्याची थोडी घरघर राहिली, तरी श्रोता ती सहन करतो. गळलेला 'नाही' मात्र त्याला कधीच कळत नाही. म्हणून साधन कोणतेही निवडा. त्यातून काय वगळले गेले, हे ऐकल्यावाचून फाइल पुढे पाठवू नका. वक्त्यांचा शब्द जसा आला, तसाच पुढच्याच्या हाती देण्याची बुद्धी आपल्या सर्वांना लाभो, ही प्रार्थना.