नव्या माणसाचे स्वागत : फडावरचे ओळखीचे खेळ



या पानावर आम्ही दरवेळी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची खते असेच काहीतरी लिहितो. या खेपेला विषय खेळांचा आहे. हसू नका. बॉयलर पेटायच्या बेतात असताना शेतकी खात्याला खेळ सुचतात तरी कसे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे खेळ का सुचले ते कळेल.

काही हंगामांपूर्वी आमच्या एका गटात नवा चिटबॉय रुजू झाला. पोरगं हुशार, बारावी पास, शेतकऱ्याच्याच घरचं. त्याच आठवड्यात नवी टोळी उतरली. दोघा भावांचे प्लॉट बांधाला बांध लागून. थोरल्याचा खोडवा तोडीला आलेला, धाकट्याची सुरू लागण जेमतेम नऊ महिन्यांची. निरोप आमच्याकडून चिटबॉयकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून टोळीकडे गेला. टोळीपर्यंत पोचला तो एवढाच : "बांधाकडचा ऊस धरा." आता बांध दोघांचाही. उजाडता उजाडता कोयते चालू झाले आणि धाकटा भाऊ रानात पोचेपर्यंत त्याचा बारा गुंठे कोवळा ऊस आडवा झाला होता.

पुढे काय झाले ते लिहायला नको. चिटबॉय खाली मान घालून उभा. संध्याकाळी आम्ही त्याला विचारले, तर म्हणाला, "साहेब, सकाळीच शंका आली होती मला. पण विचारू कुणाला? एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. म्हटलं, नवा आहे, हसतील." चौथ्या दिवशी तो काम सोडून गेला. चूक त्याच्या नावावर लागली, पण ती त्याची नव्हती, आमची होती. आम्ही त्याला नोंदवही दिली, गट नंबरांचा नकाशा दिला, मोटारसायकलीचे पेट्रोल दिले. माणसांची ओळख तेवढी दिली नाही.

आता थोडा हिशेब करू. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसे. त्यात मुकादम, ट्रॅक्टर ड्रायव्हर, चिटबॉय, ऊसमालक आणि त्याचा मुलगा धरला की पंचवीस. प्रत्येकाची प्रत्येकाशी ओळख व्हायची तर पंचवीस गुणिले चोवीस भागिले दोन, म्हणजे ३०० ओळखी झाल्या. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, तेव्हा त्यांच्या आपसातल्या दहा वजा करा. तरी २९० उरतात! एकेकाला धरून "हे अमुक, ते तमुक" करीत बसले तर हंगाम संपेल. माणसे गोल बसवून अर्ध्या तासात यातल्या निम्म्या तरी उरकता येतात, आणि त्यासाठीच खेळ.

ही युक्ती काही आमची नव्हे. अमेरिकेत शिकागो शहरात १८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन बायांनी हल हाऊस नावाची संस्था काढली. देशोदेशींचे पोटार्थी लोक त्या वस्तीत येऊन राहिले होते. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. तिथे पुढे नेव्हा बॉइड या बाईंनी खेळ शिकविण्याचे वर्गच चालविले. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी तेच खेळ नाटकाच्या तालमीत नेले आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. अशा खेळांना इंग्रजीत आईसब्रेकर म्हणतात, म्हणजे गोठलेल्या पाण्यातून वाट काढणारे जहाज. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण फडावरच्या पहिल्या दिवशी माणसे कशी गोठलेली असतात ते आपण पाहिलेच आहे. मालक या बांधावर, टोळी त्या बांधावर.

आम्ही पहिल्यांदा घेतला तो नावांच्या साखळीचा खेळ. गोल करून बसायचे. पहिल्याने आपले नाव व गाव सांगायचे. दुसऱ्याने पहिल्याचे सांगून आपले सांगायचे, तिसऱ्याने दोघांचे सांगून आपले. खेळ सोपा, पण आम्ही एक घोटाळा केला. नव्या चिटबॉयला मान म्हणून शेवटी बसवले. चोवीस नावे त्याच्या गळ्यात! बिचारा घामाघूम झाला. तेव्हापासून नवा माणूस दुसरा किंवा तिसरा बसतो आणि शेवटची जागा आम्ही स्वतः घेतो. साहेबाची नावे चुकली की टोळी अशी खुलते म्हणता! आम्ही दरवर्षी दोन-तीन चुकतोच. सगळ्या मुद्दाम चुकतो असे मात्र नाही.

याच खेळात दुसरी अडचण आली, तीही आम्हाला सुचली नव्हती. एक बाई नवऱ्याशेजारी बसली होती. साखळी तिच्यापर्यंत आली, मागची सगळी नावे तिने धडाधड सांगितली आणि नवऱ्याच्या नावाशी येऊन थांबली. पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हातारी ओरडली, "अगं, उखाणा घे की!" तिने झटक्यात घेतला. सगळा फड हसला, ऊसमालकाची आईही हसली. तिथून पुढे दोन्हीकडच्या बायांत बोलणे सुरू झाले ते हंगाम संपेपर्यंत टिकले.

झाले, आम्हाला वाटले खेळ सापडला. पुढच्या टोळीवर आम्ही उखाण्यांचीच फेरी लावली. पाच-सहा उखाणे झाले आणि एक बाई पाणी आणायचे निमित्त करून उठली, ती परत आलीच नाही. मागाहून मुकादम म्हणाला, तिचा मालक दोन वर्षांपूर्वी गेला, भावाबरोबर अर्धा कोयता म्हणून आली आहे. आम्ही दिवसभर कुणाशी धड बोललो नाही. आता आम्ही गावाचा उखाणा घेतो. नवऱ्याचे नाव नाही, बायकोचे नाही, आपल्या गावाचे नाव घ्यायचे, बायांनीही आणि पुरुषांनीही. गेल्या एका हंगामात त्याच टोळीतल्या एका पोराने घेतला तो असा : "उसाला पेर, पेरावर डोळा, आमच्या गावी सोमवारी बाजार होतो गोळा." त्यावर आपल्या गावच्या एका सभासदाने विचारले, "बैल किती येतात बाजारात?" आणि पुढचा पाव तास खेळ बाजूला राहून बैलांच्याच गोष्टी चालल्या. अशा वेळी खेळ मुद्दाम बंद पडू द्यावा. त्याचे काम झालेले असते.

कानगोष्टीचा खेळ तर खास वर सांगितलेल्या गोष्टीसाठी ठेवला आहे. पहिल्याच्या कानात तोडीचा खराखुरा निरोप सांगायचा, उदाहरणार्थ : "उद्या गट नंबर २१४, विहिरीच्या पूर्वेचा खोडवा, वाढे मालकाला दोन भारे." कानाकानांतून तो शेवटच्यापर्यंत जाऊ द्यायचा आणि शेवटच्याने मोठ्याने सांगायचा. एकदा शेवटी निघाले ते असे : "उद्या मालकाच्या विहिरीवर जेवण." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. मग दुसरी फेरी घ्यायची, मात्र या वेळी ऐकणाऱ्याने निरोप उलट म्हणून दाखवायचा आणि शंका असेल तर विचारायची, अशी मुभा. दुसऱ्या खेपेला निरोप जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. "परत सांगा" म्हणण्यात कमीपणा नाही, हे नव्या माणसाला भाषणातून पटत नाही, या दोन फेऱ्यांत पटते.

ट्रॅक्टर भरण्याच्या जागी "शिवाजी म्हणतो" घ्यावा. शाळेत आपण सगळ्यांनी खेळलेला आहे : "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटले तर वर करायचे, नुसते "हात वर" म्हटले तर करायचे नाही. आमच्याकडे थोडा फरक केला आहे. "शिवाजी" म्हणून टोळीतला एकच माणूस नेमतो, इतरांनी मध्येच वाटेल ते ओरडायचे आणि ड्रायव्हरने फक्त त्या एकाचे ऐकायचे. कारण उघड आहे. ट्रॉलीवर माणूस मोळी रचीत असतो, मागून कुणीतरी सहज "चल" म्हणतो आणि ट्रॅक्टर हलतो. वरचा माणूस खाली आला म्हणजे काय होते ते सांगायला नको. ज्याला खेळात नेमले त्यालाच भरणीच्या वेळी इशाऱ्याचे काम द्यावे. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला त्याचा आवाज ओळखीचा झालेला असतो.

आता आमचा आवडता खेळ. एक चांगला ऊस मुळापासून शेंड्यापर्यंत घ्यायचा आणि बुडखा, मधला भाग व शेंडा अशा तीन जागची कांडी करून सगळ्यांना एकेक तुकडा खायला द्यायचा. कुठल्या तुकड्याचे ब्रिक्स किती, ते प्रत्येकाने अंदाजाने सांगायचे. मग हॅण्ड रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरायचा आणि आकडा नव्या माणसाला वाचायला लावायचा. एकदा बुडख्याकडे २२ आणि शेंड्याकडे १७ आले. अंदाज सगळ्यात जवळचा कुणाचा, तर टोळीतल्या एका साठीच्या आजीचा. वीस-वीस वर्षे ऊस पिकवणारे आमचे सभासद मागे पडले. आजी म्हणाली, "तुमी पिकविता, आमी खातो!"

या खेळात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. साखर बुडख्याकडे जास्त असते, म्हणून जमिनीलगत तोड हवी. बोटभर खुंट ठेवला तर गोड तेवढे रानातच राहते, शिवाय खालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे यायचे ते वरच्या डोळ्यांतून कमजोर येतात व खोडवा बिघडतो. शेंड्याचा व बुडख्याचा आकडा जवळजवळ आला म्हणजे ऊस पक्व झाला. फरक मोठा असेल तर थांबावे. हे आम्ही बैठकीत वीस वेळा सांगितले असेल. पण आकडा स्वतः वाचलेला तोडकरी खुंट ठेवीत नाही आणि मालकालाही त्याच्या डोक्यावर उभे राहावे लागत नाही.

काही पथ्ये सांगतो. खेळ संध्याकाळी, गाड्या रवाना झाल्यावर, अर्ध्या तासाच्या आत आटपावा. पहाटे उठलेल्या माणसाला करमणुकीपेक्षा भाकरी आणि झोप प्यारी असते. कोयते आधी एका बाजूला ठेवावेत. लिहिण्या-वाचण्याचा खेळ नको, ज्याला येत नाही तो मागे सरकतो. आडनाव विचारू नये, नाव आणि गाव पुरे. उचल किती घेतली, हाही प्रश्न खेळात यायचे कारण नाही. कुणी नको म्हटले तर त्याला टाळ्या वाजवायला बसवावे, ओढू नये. मुलांना मात्र जरूर घ्यावे. नावे त्यांच्याच सगळ्यात आधी पाठ होतात, आणि विसरलेल्याला हळूच सांगतातही तीच.

आणि सर्वांत महत्त्वाचे : ऊसमालकाने स्वतः गोलात बसावे. बांधावर उभे राहून "चालू द्या तुमचं" म्हणणाऱ्या मालकाच्या रानात खेळ रंगत नाही, हे आम्ही तीन-चार ठिकाणी पाहिले. खाली पाचटावर बसायचे, बस्स.

रिफ्रॅक्टोमीटर आमच्या गट कार्यालयातून मिळेल, आदल्या दिवशी चिटबॉयकडे निरोप द्यावा. यंदा दोन चिटबॉय नवे आहेत. निरोप देताना त्यांचे नाव विचारा, आपले सांगा, आणि निरोप त्यांच्याकडून एकदा उलट म्हणवून घ्या.