दान फाशाचे, संगणक भाड्याचा

‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ डिस्कवर १५० जीबी जागा मागतो. एक्सेल उघडतानाही ज्याचा पंखा घरघरतो, त्या ऑफिसच्या लॅपटॉपवर तो बसवायचा विचारच सोडा. तो नीट पेलणारा गेमिंग लॅपटॉप साधारण सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जातो. दुसरी वाट क्लाउडची. तिथे खेळ लांबच्या डेटा सेंटरमधल्या दणकट संगणकावर चालतो, आपल्याकडे फक्त चित्र येते आणि आपले क्लिक तिकडे जाते. जाहिरातीत या वाटेची किंमत एका आकड्यात सांगतात. प्रत्यक्षात बिले तीन येतात.

पहिले बिल: खेळ

स्टीम या ऑनलाइन दुकानात भारतात या खेळाची किंमत २,९९९ रुपये, अमेरिकेत ५९.९९ डॉलर. पैसे भरण्याआधी दुकान आणि क्लाउड सेवा यांची जोडी जुळते का, ते बघा. स्टीमवर घेतलेली प्रत जीफोर्स नाऊ या क्लाउड सेवेवर चालते, एक्सबॉक्सच्या क्लाउडवर नाही. तिथे एक्सबॉक्सच्याच दुकानातली प्रत लागते. ही चूक झाली तर एकच खेळ दोनदा विकत घ्यावा लागतो.

सेवाच बंद पडली तर? गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. ‘बाल्डर्स गेट ३’ची अपुरी आवृत्ती २०२० मध्ये तिथेही विकायला होती. गूगलने खेळांचे पैसे परत केले, पण पुढची कंपनी करेलच असे नाही. म्हणून सेवेबाहेरही चालू शकेल अशीच प्रत घ्या.

दुसरे बिल: भाडे

एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्यासाठी लागणाऱ्या गेम पास वर्गणीचे महिन्याचे दर त्या वेळी होते: इसेन्शियल ४९९, प्रीमियम ६९९ आणि अल्टिमेट १,३८९ रुपये. क्लाउड तिन्हींत आहे. महागड्या योजनेत मुख्यतः खेळांची मोठी यादी आणि चांगले चित्र मिळते. पण आपला खेळ त्या यादीतच नव्हता, तो वेगळा विकत घ्यायचा. मग यादीसाठी १,३८९ कशाला मोजायचे? विकत घेतलेले निवडक खेळ स्ट्रीम करता येतात. आपला खेळ त्यांत आहे का, हे आधी पाहून घ्या आणि स्वस्त योजनेपासून सुरुवात करा.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी जीफोर्स नाऊचा परफॉर्मन्स दर महिन्याला ९.९९ डॉलर, मर्यादा महिन्याला १०० तास. फुकट योजनेत एका वेळी एक तास मिळतो. चव घ्यायला तेवढा पुरतो.

खेळ संपायला १०० तास धरा. रोज तासभर खेळलात तर चौथा महिना उजाडतो. ४९९ च्या योजनेने चार महिन्यांचे १,९९६ रुपये होतात, १,३८९ च्या योजनेने ५,५५६. लॅपटॉपच्या तुलनेत दोन्ही किरकोळ. मात्र चार महिन्यांनी वर्गणी बंद करायला विसरलात, तर हाच हिशेब हळूहळू उलटा फिरतो.

तिसरे बिल: इंटरनेट

जीफोर्स नाऊ १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी २५ एमबीपीएस वेग मागते. पूर्ण वेगाने धरले तर तासाला सव्वाअकरा जीबी, म्हणजे १०० तासांना सुमारे ११२५ जीबी. चित्र स्थिर असताना खर्च कमी होतो, तरी बजेट वरच्याच आकड्याचे ठेवा.

मे महिन्यात गावी मावशीकडे फोनच्या हॉटस्पॉटवर मी हा खेळ लावून बघितला. रोजच्या दोन जीबीच्या पॅकला या वेगाने जेमतेम अकरा मिनिटे आयुष्य असते. पहिल्या गुहेचे दार उघडले आणि चित्राचे चौकोन झाले. मावशी म्हणाली, “एवढ्यात संपला का रे खेळ?”

त्यामुळे फायबर जोडणीच हवी. योजनेतल्या ‘अमर्याद’ शब्दाखालची बारीक अक्षरे वाचा: अनेक घरगुती योजनांत महिन्याला ३.३ टीबीनंतर वेग खाली येतो. दरावर १८ टक्के जीएसटी चढतो, तोही धरा; ६९९ रुपयांच्या इंटरनेट योजनेचे ८२४.८२ होतात. राउटर देव्हाऱ्याशेजारी आणि तुम्ही गॅलरीत असाल, तर आधी लॅनची केबल ओढा. वीज जात असेल, तर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.

मग हाच खेळ का?

क्लाउडचे मोठे दुखणे म्हणजे लॅग, क्लिक जाऊन चित्र येईपर्यंतचा उशीर. त्यातला डेटा सेंटरपर्यंतचा नेटवर्कचा उशीर ८० मिलिसेकंदांच्या आत हवा, असे जीफोर्स नाऊ सांगते. गोळीबाराच्या खेळात तेवढ्यात आपण मेलेलो असतो. ‘बाल्डर्स गेट ३’ मात्र १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर उभा आहे. तिथे प्रत्येकाची पाळी येते, वीस बाजूंचा फासा पडतो, पडलेल्या दानात बोनस मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. आपली पाळी संपेपर्यंत शत्रू थांबतो. चित्र थोडे मागे राहिले, तरी दान बदलत नाही. १९९८ च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये लढाई सतत चालू असे आणि ती थांबवून आज्ञा देता येत, तिथे उशीर जास्त जाणवला असता.

टेबलावरचे नियम इथे जसेच्या तसे नाहीत. टेबलावर पाळ्यांचा क्रम २० बाजूंच्या फाशाने ठरतो, इथे ४ बाजूंच्या. तिकडे २० पातळ्या, इकडे १२. कारण वरच्या पातळीचे मंत्र सगळे कथानक उलटेपालटे करू शकतात. टेबलावर कथा सांगणारा सूत्रधार ते जागच्या जागी निभावतो, प्रोग्रामला प्रत्येक शक्यता आधी लिहून ठेवावी लागते. शिवाय लागोपाठ वाईट दाने पडू नयेत म्हणून ‘कार्मिक डाइस’ आधीपासून चालू असतात. शुद्ध नशीब हवे असेल, तर सेटिंगमध्ये ते बंद करा.

सगळ्यात स्वस्त वाट

जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. संगणकाशिवाय टेबलावरच खेळायला सात फाशांचा एक संच आणि कथा सांगणारा एक मित्र असला की झाले.

तरी पडद्यावरच खेळायचे असेल, तर रात्री नऊ वाजता, शेजारीपाजारी सगळे काहीतरी बघत असताना, एकाच महिन्याचे भाडे भरून चाचणी घ्या. त्या वेळी चित्र टिकले, तरच पुढच्या तीन महिन्यांचे पैसे काढा.