काटा चढायच्या आधी

पोरी, सॅन स्टॉर्म घेतलीस, बरं केलंस. गोव्यात बनलेली, दोघांनी बसायची, छत मागे दुमडणारी ही गाडी आता शोधूनही सापडत नाही. तू रंग बघितलास, हूड फाटलंय का बघितलंस, सायलेन्सरचा आवाजही ऐकलास. पण रेडिएटरचं झाकण उघडून बघितलंस का? नाही ना? मग उद्या सकाळी तेवढं एक काम कर. गाडी रात्रभर थंड झालेली हवी. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, कधीच नाही.

रेडिएटरवर असो की बाजूच्या टाकीवर, दाबाचं जे झाकण असेल ते काढ आणि आत बोट बुडव. पाणी रंगीत आणि नितळ असेल तर देवाची कृपा. बोटाला तांबूस गाळ लागला, तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नुसतं पाणीच ओतलंय असं समज. वर तेलाचा तवंग दिसला किंवा इंजिन ऑइलच्या झाकणाखाली खव्यासारखा पांढरट थर सापडला, तर हेड गॅस्केटचा संशय धर आणि ते तपासून घेतल्याशिवाय दुसऱ्या कशावर पैसे घालू नकोस.

आता पाण्याचं. आपल्या मीरा-भाईंदरला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे मिठागरं. इथल्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरं किटण चढतं, नळाच्या तोट्या खराब होतात. तेच पाणी अॅल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये घातलंस तर काय उरेल? टँकरचं पाणी कुठून आलंय ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. स्टेम आणि एमआयडीसी पुरवतात ते नळाचं पाणी त्या मानाने बरं, पण तेही प्यायला, इंजिनात नको. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन मिळतो, तोच आण. एसीच्या नळीचं पाणी फुकट मिळतं म्हणून कुणी सल्ला देईल. त्यात कॉइलवरची धूळ आणि बुरशी येते. ते कुंड्यांना घाल.

कूलंट म्हणजे थंडीसाठीचं औषध, मुंबईत बर्फ कुठे पडतो, असं म्हणणारे गॅरेजमध्ये पुष्कळ भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, आकडे लक्षात ठेव. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी केलं की उकळबिंदू साधारण १०७ अंशांवर जातो. त्यावर एक बारचा दाब धरणारं झाकण बसवलं की तो सव्वाशेच्याही पुढे सरकतो. शिवाय गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्येच असतात. म्हणजे उकळबिंदू वर नेण्याचं मोठं काम त्या झाकणाचं आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तूही तीच. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो. गाडीच्या कागदात जो असेल तोच घे. ‘जास्त दाबाचं बसवतो, गाडी गरमच होणार नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात जुनी गाडी देऊ नये. वाढलेला दाब जाऊन जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर बसतो. झाकणाच्या आतलं रबर चिरलं असेल तर नवीन झाकण घे, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नको.

हिरवं आणि गुलाबी कूलंट एकमेकांत मिसळू नकोस. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो, आतलं रसायन वेगळं असू शकतं आणि दोन न जुळणारी रसायनं एकत्र आली की चिकट गाळ धरतो. आधी काय भरलंय ते कळत नसेल तर सगळं काढून टाक, पाणी नितळ येईपर्यंत डिस्टिल्डने धू आणि नव्याने भर. हिरवं जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालली असो वा नसो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सींचे मिस्त्री तो सरळ काढून फेकून द्यायचे. पाणी सतत फिरत राहिलं की इंजिन थंड राहतं, एवढा साधा हिशेब. कार्बोरेटरच्या गाडीत, मुंबईच्या हवेत, ते खपूनही जायचं. पण तुझ्या गाडीत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजेक्शनचं इंजिन आहे. इंजिन गरमच झालं नाही तर कॉम्प्युटरला वाटतं अजून सकाळच आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. तेलात चिखल धरतो तो वेगळाच. आणखी एक गोष्ट टॅक्सीवाल्यांच्या लक्षात यायची नाही: काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की बाजूची बायपासची वाट बंद होते. तो काढून टाकला की ती वाट कायमची उघडी, आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून जो भाग काढला, त्याच्यावाचून ती ट्रॅफिकमध्ये जास्त तापते.

काढून टाकण्यापेक्षा तपास. घरातलं एक जुनं पातेलं घे (आईला विचारून), त्यात पाणी घाल, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांग की तळाला टेकणार नाही, आणि शेजारी थर्मामीटर धर. ताप बघायचा नव्हे, स्वयंपाकाचा. थर्मोस्टॅटच्या कडेला ८३ किंवा ८९ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास पितळी तबकडी उचलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत चांगली उघडली पाहिजे. गॅस बंद कर, ती हळूहळू मिटते का तेही बघ. उघडून तशीच राहिली किंवा अर्ध्यावर अडली तर नवीन घे. बसवताना त्याच्या कडेला बारीक भोक दिसलं, तर ते वरच्या बाजूला आलं पाहिजे. हवा तिथून निघते.

स्पोर्ट्स कार पळताना समोरून वारा घेते. पण काशीमिरा नाक्यावर, दहिसर चेकनाक्याला, फाऊंटनच्या चौकात वारा कुठला? तिथे सगळी मदार पंख्यावर. म्हणून पंखा घरीच तपास. सोसायटीच्या आवारात, एसी बंद ठेवून, गाडी नुसती चालू ठेव आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेव. काटा लाल पट्टीच्या बराच अलीकडे असताना पंखा लागला पाहिजे, काही मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे आणि थोड्या वेळाने परत लागला पाहिजे. लागलाच नाही तर फ्यूज, रिले आणि रेडिएटरमधला थर्मोस्विच, याच क्रमाने बघायचं.

आणि इथे तुझ्या गाडीची एक खोड आहे. बॉडी फायबरची. पत्र्याच्या गाडीत मिस्त्री कुठेही स्क्रू मारून अर्थ घेतो. फायबरमधून करंट परत जातच नाही. पंख्याची काळी वायर चॅसिसला किंवा बॅटरीच्या निगेटिव्हला नीट पोचली पाहिजे. उत्तनकडच्या खाऱ्या वाऱ्याने त्या टोकावर हिरवा थर चढतो आणि मग पंखा फिरतो, पण मरतुकडा. बघणाऱ्याला वाटतं फिरतोय की! मल्टिमीटर घे, पंखा चालू असताना त्याच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोज. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर ते टोक काढ, पॉलिश पेपरने घास, घट्ट बसव आणि वर व्हॅसलीन लाव. तापमापकाच्या काट्यालाही हाच नियम. अर्थ वाईट असेल तर काटा खोटं बोलतो.

काटा उभ्या गाडीत चढतो आणि पळवली की उतरतो, तर दोष पंख्याचा. उलट घोडबंदरला गाडी पळवताना चढतो, तर रेडिएटर आतून चोक झालाय किंवा खालचा होज ओढीने चपटा होतोय. आणि चढलेला काटा अचानक खाली पडला तर खूश होऊ नकोस. पाणी संपून सेन्सर हवेत लटकत असेल.

रेडिएटर बाहेरूनही बुजतो. मेट्रोच्या कामांची धूळ, प्लास्टिकचे तुकडे, पावसाळ्यातला चिखल, सगळं एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत जाऊन बसतं. धुताना बागेची नळी इंजिनाच्या बाजूने समोर धर. वॉशिंगवाल्याचा प्रेशर पंप नको, पाती वाकतात.

होज थंड असताना दाब. लिबलिबीत झालेला, फुगलेला किंवा कुरकुरणारा असेल तर बदल. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा डाग दिसला तर पंप निघायला आलाय. तो टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्टही त्याच खेपेला बदल, मजुरी एकदाच लागते.

पाणी भरल्यावर हवा काढायला घाई करू नको. नाक चढावर येईल अशी गाडी लाव, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेव, बुडबुडे थांबेपर्यंत हळूहळू भरत राहा.

एवढं करूनही गायमुखच्या घाटात ट्रकच्या मागे काटा चढलाच, तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल. तुला घाम फुटेल, फुटू दे, तेवढी उष्णता इंजिनातून निघते. वाफ दिसली की कडेला घे आणि इंजिन बंद कर. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतशील तर हेडला तडा जाईल. पाऊण तास तरी थांब, रेडिएटर गार झाला की मगच फडकं धरून झाकण हळूहळू सोड.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नकोस, ते खाडीत जातं. ते गोडसर असतं. सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. जमिनीवर सांडलेलं तिथल्या तिथे फडक्याने टिपून घे, मग ओल्या फडक्याने पूस. बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये भर, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिही आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याला, घेतो का विचारून, नेऊन दे.