उपग्रहाचा कॅमेरा घडवायचाय? मग फिजिक्सला घाबरू नका

"मुलीला इस्रोत जायचंय, म्हणजे एरोस्पेसच घ्यावं लागेल ना?" बारावीचे पालक हे हमखास विचारतात. तीही एक वाट आहेच. पण तिला उपग्रहाच्या कॅमेऱ्याचं वेड असेल, तर खरं काम प्रकाशशास्त्राचं आहे.

कार्टोसॅट-3 घ्या. नोव्हेंबर 2019 मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे 509 किलोमीटरवरून 25 सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. 1988 च्या आयआरएस-1ए ची मजल 36 मीटरपर्यंतच होती. कॅमेऱ्यातला आरसा जितका मोठा, तितकं बारीक दिसतं. हा नियम बारावीच्या 'वेव्ह ऑप्टिक्स'मध्येच आहे. कार्टोसॅट-3 चा मुख्य आरसा 1.2 मीटर व्यासाचा आहे. तो हलका ठेवायचा आणि ऊन-सावलीच्या फेऱ्यात त्याचा आकार तसूभरही बिघडू द्यायचा नाही, हे मेकॅनिकलवाल्यांचं काम. शिवाय उपग्रहाखालून जमीन सेकंदाला सुमारे 7 किलोमीटर वेगाने सरकते. 25 सेंटिमीटरचा तुकडा सेकंदाच्या 28 हजाराव्या भागात निघून जातो! तेवढ्यात पुरेसा प्रकाश मिळत नाही, म्हणून सेन्सरच्या अनेक ओळी एकाच जागेचा प्रकाश पाठोपाठ टिपतात आणि त्याची बेरीज होते. हे इलेक्ट्रॉनिक्स. उरलेली धूसरता गणित आणि संगणक काढतात.

म्हणून शाखेच्या नावावर अडून बसू नका. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेत जेईई ॲडव्हान्स्डमधून इंजिनिअरिंग फिजिक्सला प्रवेश मिळतो. ते हुकलं तरी बिघडत नाही. चांगल्या कॉलेजात बी.एस्सी., मग एम.एस्सी. फिजिक्स आणि गेट देऊन ऑप्टिक्समध्ये एम.टेक., ही वाट लांबची असली तरी पक्की आहे. इस्रोचे असे कॅमेरे प्रामुख्याने अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये घडतात. बंगळुरूच्या पिक्सेलसारख्या खासगी कंपन्याही आता या क्षेत्रात आहेत.

पालकांना एक स्पष्ट सांगते: इस्रोतल्या जागा मोजक्या असतात, स्पर्धा कठीण असते. पण लेन्स आणि सेन्सर कळणाऱ्या माणसाला वैद्यकीय उपकरणं, दुर्बिणी, संरक्षण, चिपनिर्मिती इथेही काम असतं. तेव्हा मुलगी फिजिक्स म्हणाली तर अडवू नका. प्रवेश घेण्याआधी तिच्यासोबत कॉलेजात जा आणि तिथली ऑप्टिक्सची प्रयोगशाळा खरंच चालू आहे का, ते डोळ्यांनी पाहून या.