सीएचबीवर जाण्याआधी

जून उजाडला की एम.ए. झालेल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. “मॅडम, कॉलेजात सीएचबीवर घेतायत. जाऊ का?” मी नाही म्हणत नाही. मराठी साहित्य आणि लेखन शिकवणं मला आजही फार मोलाचं काम वाटतं. पण होकार देण्याआधी त्यांना घरी बोलावते, आणि या कामात काय मोजलं जातं आणि काय मोजलं जात नाही, ते नीट सांगते. तेच इथे लिहिते आहे.

सीएचबी, म्हणजे ‘क्लॉक अवर बेसिस’ किंवा तासिका तत्त्व, हा घड्याळी तासाचा हिशेब आहे. मार्च २०२३च्या शासन निर्णयाने पदवीच्या वर्गांना तासाला ९०० आणि पदव्युत्तर वर्गांना १००० रुपये ठरले. त्याआधी पदवीला ६२५ होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानामागे १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगून ठेवलं होतं. अनुदानित कॉलेजांतल्या सीएचबीपर्यंत ते पोहोचलं नाही. वर आणखी एक मेख आहे. मी सीएचबीवर होते तेव्हा आमच्या वेळापत्रकातली तासिका ४८ मिनिटांची होती आणि दर साठ मिनिटांचा. पाच तासिका घेतल्या की बिलात चार तास लागायचे. आठवड्याला नऊ तास धरले तर कागदावर महिन्याचे ३२,४०० होतात आणि घरचे लोक तोच आकडा लक्षात ठेवतात. प्रत्यक्षात महिना कधी पूर्ण भरत नाही. गणपती, दिवाळी, परीक्षा, स्नेहसंमेलन, निवडणूक, काहीही आलं की तास बुडाला आणि पैसेही बुडाले. नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, एप्रिलमध्ये नेमणूक संपते. दिवाळीनंतर शिकवलेल्या तासांचं मानधन मार्च उलटल्यावर खात्यात आलेलं मी अनुभवलं आहे. त्यामुळे पहिला सल्ला असा: या पैशावर घरभाडं, कर्जाचा हप्ता, म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी, यातलं काहीही टांगू नका.

आता न मोजल्या जाणाऱ्या कामाबद्दल. व्यावहारिक मराठीच्या वर्गाला मी अर्जलेखन शिकवत होते. एसटीच्या आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहा, असं सांगितलं. प्रथम वर्षाच्या एका मुलीने लिहिलं, ‘आमच्या गावाला बसची सोय नाही, तरी सोय करावी.’ तास संपल्यावर तिला व्हरांड्यात थांबवलं. बस मुळीच नाही का? “आहे, पण शेवटचा तास सुटायच्या आधीच निघून जाते.” मग पुढची? “पुढची अंधार पडल्यावर. आम्ही पाच जणी आहोत, फाट्यावर उतरून चालत जातो.” हे का नाही लिहिलंस? “हे अर्जात लिहायचं असतं?” तिथे उभ्यानेच तिने पुन्हा लिहिलं: बस कुठली, किती वाजता सुटते, तास किती वाजता संपतो, फाट्यापासून गाव किती लांब, किती मुलींची अडचण आहे, वेळ किती मिनिटांनी पुढे नेली तर भागेल. भाषा तिची होती, मी फक्त प्रश्न विचारले. तो अर्ज तिने वडिलांच्या सहीने आगारात नेऊन दिला.

लेखन असंच शिकवलं जातं, एकेका वहीशी बसून. साहित्याचंही तेच. ज्या मुलांच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही, त्यांना आत्मकथनाचा एक उतारा उलगडून सांगायचा तर मला आदल्या रात्री तो दोनदा वाचावा लागायचा. ही सगळी मेहनत तासिकांच्या नोंदवहीत येत नाही. नोंदवहीत तारीख, वर्ग, घटक आणि सही एवढंच असतं. हे माहीत असूनही सल्ला मागायला येणाऱ्यांना मी सांगते की वर्गाच्या कामात हात आखडता घेऊ नका, ते कामच तुमचं आहे. काटकसर करायची ती दुसरीकडे: नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली, युवा महोत्सवाची तयारी, कुणाच्या तरी नावावर निघणाऱ्या चर्चासत्राची धावपळ. ‘तुम्ही तर आपलेच आहात’ असं म्हणून ही कामं येतात. कायम होण्याच्या आशेने ती उचलली जातात. नम्रपणे, पण पहिल्याच वर्षी, नाही म्हणायला शिका. दुसऱ्या वर्षी ते जड जातं.

कायम होताना हा अनुभव किती मोजला जातो, ते कळायला आता गुणांचा तक्ता पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत कॉलेजच्या सहायक प्राध्यापकाची मुलाखतीसाठी छाननी कशी करायची ते दिलं आहे. पीएच.डी.ला २५ गुण. जेआरएफ या संशोधन-शिष्यवृत्तीसह नेट असेल तर १०, नुसतं नेट असेल तर ८, सेट असेल तर ५. अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. म्हणजे सगळी वर्षं ग्राह्य धरली गेली, तरी पाच वर्षांनंतर सहावं वर्ष तुमच्या पारड्यात एकही गुण टाकत नाही. मी ज्यांना ओळखते त्यांतले कितीतरी जण दहाव्या, बाराव्या वर्षीही त्याच आशेने वर्गावर जात आहेत आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण तिथेच अडलेलं आहे. पदोन्नतीसाठी मागची सेवा धरायची तर त्याच नियमावलीत अट आहे की तेव्हाचा एकूण मोबदला नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नसावा. सीएचबीचं मानधन त्या अटीच्या जवळपासही जात नाही.

म्हणून क्रम उलटा लावा: आधी नेट आणि संशोधन, मग सीएचबी. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, महिलांना आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. नेटला वयाची अट नाही, पण शिष्यवृत्तीचं दार बंद होतं. जेआरएफची रक्कम २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, म्हणजे पूर्ण भरलेल्या सीएचबीपेक्षाही जास्त, आणि ती संशोधन करण्यासाठीच मिळते. जेआरएफ हुकलं तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. दोन गावांच्या दोन कॉलेजांत एसटीने धावत नेट-सेटचा अभ्यास होतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ती धावपळ मराठवाड्यातल्या दोन तालुक्यांमध्ये केली आहे. बसमध्ये फार तर वह्या तपासून होतात.

‘पुढच्या वर्षी जागा निघणार’ हे वाक्य तुम्हाला दर वर्षी ऐकायला मिळेल. २०१७ मध्ये प्राध्यापकांची भरती थांबली, २०१८ मध्ये ३,५८० जागांना मंजुरी मिळाली, मग करोनात पुन्हा थांबली आणि २०२१ मध्ये उरलेल्या २,०८८ जागांना परवानगी आली. एवढ्या काळात एका अख्ख्या पिढीची उमेदीची वर्षं गेली. म्हणून ऐकीव बातमीवर थांबू नका. ज्या संस्थेत शिकवता तिथे मराठीच्या किती मंजूर जागा आहेत, कोण कधी निवृत्त होतंय, बिंदुनामावलीत ती जागा कुठल्या प्रवर्गाला जाते, नव्या शैक्षणिक धोरणानंतर कार्यभार किती उरतो, हे विचारा. विचारायला संकोच वाटतो, पण या माहितीवर तुमचं आयुष्य उभं राहणार आहे.

आणि पैशाचं. मुलाखतीनंतर आकड्याची विचारणा होते हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि छापील पानावर कुणी लिहीत नाही. मलाही झाली होती. मी नकार दिला आणि ती जागा गेली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे वडील बहुधा कोरडवाहू शेतकरी असतात. मुलगा ‘प्राध्यापक’ व्हावा म्हणून एखादा एकर विकायची त्यांची तयारी असते. जमीन विकू नका, हे मी हात जोडून सांगते. ज्याला जमीन विकून नोकरी मिळाली, तो वर्गात उभा राहिल्यावर आधी ती जमीन भरून काढायचा विचार करतो, आणि त्याचा भुर्दंड समोरच्या मुलांना बसतो.

मराठी शिकलेल्या माणसाला दुसरं काही येत नाही, हा समज खोटा आहे. मी आता भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. शुद्धलेखनाचे नियम हाताखाली असलेला, इंग्रजी मजकूर समजून घेऊन चांगलं मराठी लिहिणारा माणूस प्रकाशकांना सहज मिळत नाही. बी.एड. असेल तर शाळेचा आणि कनिष्ठ महाविद्यालयाचा मार्ग उघडा राहतो. यातलं एक काही सीएचबीच्या पहिल्याच वर्षात सुरू करा. हाताशी दुसरं काम असलेला माणूस प्राचार्यांसमोर मान वर करून बोलतो, हे मी स्वतःत आणि इतरांत पाहिलं आहे.

शेवटी कागद. जाहिरातीचं कात्रण, निवड समितीचं पत्र, रुजू अहवाल, विद्यापीठाची मान्यता, मानधन जमा झाल्याचा बँकेचा उतारा, हे दर वर्षी एका फाइलमध्ये लावा. अनुभवाचं प्रमाणपत्र एप्रिलमध्येच मागून घ्या आणि त्यात ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ आणि आठवड्याच्या तासिका लिहिलेल्या आहेत ना, ते तिथेच वाचून पाहा. प्राचार्य निवृत्त होतात, कारकून बदलतो, आणि पाच वर्षांनी तुम्ही प्रमाणपत्र मागायला गेलात तर जुनं दप्तर काढून बघायला कुणालाही वेळ नसतो.