परतीची वाट दाखवणारं घड्याळ

टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे निघालं की रेलिंग लावलेला कातळटप्पा लागतो. तो चढून गेलं की आलाच गड असं वाटतं, पण तिथून देवळापर्यंत टेकडीमागून टेकडी आणि मध्ये दाट झाडी. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही परतत होतो, तेव्हा धुकं इतकं उतरलं की पुढच्याची सॅक दिसेना. मी निर्धास्त होतो. सकाळपासून मनगटावरच्या घड्याळात ट्रॅक रेकॉर्ड होत होता. आल्या वाटेने परत नेण्याची सोय चालू केली आणि तासभर रेषेवर रेषा ठेवून चालत राहिलो. कातळटप्प्याच्या अलीकडे मात्र इतका वेळ वळणं घेत आलेली ती रेषा एकदम पट्टीने आखल्यासारखी सरळ झाली आणि उताराकडे निघाली. तिथे वाट नव्हती. कंबरभर गवत होतं आणि गवतापलीकडे नुसता पांढरा पडदा.

अर्धा तास बसून राहिलो. मग पायथ्याच्या खिरेश्वर गावाकडून एक जण डोक्यावर टोपली घेऊन वर आला, "वाट मागं राहिली तुमची" म्हणाला आणि आम्हाला फाट्यावर आणून सोडलं.

काय झालं होतं ते घरी आल्यावर कळलं. घड्याळात 'ऑटो पॉज' चालू होता. सकाळी कातळटप्प्यावर रांग होती. चार पावलं चढायचं, थांबायचं. वर पोचल्यावरही सगळे जमेपर्यंत आम्ही रेंगाळतच पुढे सरकलो. वेग इतका कमी की घड्याळाने आम्ही थांबलोय असं धरलं आणि नोंद बंद केली. पुढे नीट चालू लागल्यावर नोंद पुन्हा सुरू झाली आणि मधली दोन टोकं घड्याळाने सरळ जोडून टाकली. रस्त्यावर पळणाऱ्याला सिग्नलला थांबावं लागतं, त्याच्यासाठी ही सोय चांगलीच आहे. डोंगरात ती घातक ठरू शकते.

तेव्हापासून कोणी विचारलं की जीपीएस घड्याळात काय सुधारायला हवं, तर माझं पहिलं मागणं हेच असतं. ट्रेक किंवा हायकिंग निवडलं की ऑटो पॉज आपोआप बंद व्हावा. आणि ट्रॅकचा जो तुकडा प्रत्यक्ष नोंदवलेला नाही, तो वेगळ्या रंगात, तुटक रेषेने दाखवावा. म्हणजे धुक्यात उभ्या असलेल्या माणसाला कळेल की इथून पुढची रेषा अंदाजाची आहे. तोवर तुम्ही एवढं करा: सेटिंगमध्ये जाऊन ऑटो पॉज बंद करा आणि नोंद 'दर सेकंदाला' ठेवा. बॅटरी वाचवणाऱ्या मोडमध्ये नोंदी विरळ होतात, नागमोडी वाटेचे कोपरे कापले जातात. घाटवाटेत तो कापलेला कोपराच नेमका कामाचा असतो.

दुसरं मागणं पावसाचं. टचस्क्रीन बोटातून वाहणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते आणि पाण्याचा ओघळ तिला बोटासारखाच वाटतो. मुसळधार पावसात ओल्या बाहीने स्क्रीन घासली गेली आणि चालू नोंद संपून 'सेव्ह की डिलीट' असा प्रश्न समोर आला, हे आमच्या ग्रुपमध्ये दोघांच्या बाबतीत झालंय. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर हाच मोठा हंगाम. म्हणून घड्याळ घेताना किमान चार-पाच खरी बटणं असलेलं घ्या, पार्किंगमधून निघतानाच टच लॉक करा, आणि नोंद थांबवायला बटण काही सेकंद दाबून धरावं लागेल असं सेटिंग असेल तर ते निवडा. कंपन्यांनी एवढं करावं की घड्याळ भिजल्याचं ओळखून टच स्वतःहून बंद पडावा.

खुणांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या डोंगरात माणूस चुकतो तो बहुतेक वेळा फाट्यावर. मळलेली पायवाट आणि ढोरवाट शेजारीशेजारी असतात. कित्येकदा ढोरवाटच जास्त रुंद, जास्त खात्रीची दिसते. घड्याळातले नकाशे बहुधा ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बेतलेले असतात. कोणा भटक्याने तिथे वाट भरली असेल तर ती दिसते, नसेल तर रिकामी जागा. तेव्हा फाट्याची खूण आपणच करायची. आज बहुतेक घड्याळांत ते काम मेनूच्या तीन-चार पायऱ्या उतरून करावं लागतं, आणि चढावर दम लागलेला असताना ते कोणी करत नाही. मला हवंय ते असं: एक बटण दाबून धरलं की खूण झाली, आणि समोर पाणी, फाटा, कातळटप्पा, मुक्काम असे चार शब्द यावेत. देवनागरीत यावेत. माझ्या घड्याळावर घरून आलेला मराठी निरोपसुद्धा चौकोनांची माळ होऊन उमटतो. गावातला वाटाड्या 'बुधल्याची सोंड' म्हणतो, ते नाव मला तसंच लिहून ठेवायचंय. तोवर एखाद्या बटणाला 'लोकेशन सेव्ह'चा शॉर्टकट देता येतो का ते पाहा. बऱ्याच घड्याळांत येतो. आणि खूण केली की मागे वळून एक फोटो काढा. परतताना फाटा उलट बाजूने दिसतो आणि तो अगदी अनोळखी वाटतो.

अरुंद दरीत, म्हणजे साम्रदच्या सांदण दरीसारख्या ठिकाणी, ट्रॅक कातळाच्या आतून गेलेला दिसला तर घड्याळ बिघडलंय असं समजू नका. उपग्रहाचा संदेश सरळ न येता भिंतीवर आदळून येतो, त्याला पोचायला किंचित उशीर होतो आणि तेवढ्याने जागा सरकते. एल-१ आणि एल-५ अशा दोन्ही वारंवारता वापरणारी घड्याळं असे परतून आलेले संदेश बरेच ओळखतात, पण त्यात बॅटरी जास्त जाते. म्हणून घळीत, दरीत तो मोड ठेवावा आणि पठारावर साधा. 'नाविक' या आपल्या उपग्रह यंत्रणेचा आधार प्रत्येक घड्याळात असावा असं मी म्हणतो ते एवढ्यासाठीच. नाविकचे उपग्रह भारतीय प्रदेशासाठीच मांडलेले आहेत आणि आपल्या आकाशात उंचावर दिसतात. दोन भिंतींच्या मधल्या आकाशाच्या पट्टीत जे उपग्रह दिसतील तेच कामाचे. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून नाविकला एल-१ पट्टाही मिळाला, त्यामुळे लहान उपकरणांत ते बसवणं सोपं झालं.

उंचीचं गणित वेगळं आहे. चांगल्या घड्याळात उंची हवेच्या दाबावरून काढतात. एक हेक्टोपास्कल दाब उतरला की आपण साधारण साडेआठ-नऊ मीटर वर आलो असं घड्याळ धरतं. पण आपल्या उष्ण प्रदेशात दाब जागच्या जागी रोज दोनदा वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत दोन-तीन हेक्टोपास्कल उतरतो. रात्री दहा ते पहाटे चार पुन्हा तसंच, थोडं कमी. म्हणून गुहेत झोपलेला माणूस पहाटे उठतो तेव्हा घड्याळाच्या मते पंधरा-वीस मीटर वर गेलेला असतो. घड्याळाला आपली जागा कळते. जागा हलली नसेल तर दाबातला बदल हवामानाच्या खाती टाकावा आणि चढाईत धरू नये, एवढी समज त्यात यायला हवी. तोवर खात्रीच्या उंचीच्या ठिकाणी घड्याळ जुळवून घ्या. कळसूबाईच्या देवळापाशी १६४६ मीटर भरा, की उतरताना आकडे भरवशाचे राहतील. दाब घसरला की वाजणाऱ्या वादळाच्या सूचनेवर मात्र मे महिन्यात विसंबू नका. वळीव स्थानिक असतो, तो येण्याआधी दाब तेवढा पडेलच असं नाही. पश्चिमेला ढग चढताना दिसले की धार सोडून खाली उतरा.

सूर्यास्ताची वेळ जवळजवळ सगळी घड्याळं दाखवतात, पण परत कधी फिरायचं ते सांगत नाहीत. आल्या वाटेचं अंतर, चढ आणि आपला वेग सगळं त्यांच्यापाशी असतं, हिशेब तेवढा करायचा राहिलेला असतो. तो आपण करू. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ६ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाची वाट म्हणजे सव्वादोन तासांच्या आत. सोबत नवखी मंडळी असतील किंवा निसरडं असेल तर मी त्याची दीडपट धरतो, म्हणजे साधारण सव्वातीन तास. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि पूर्वेकडे उतरणाऱ्या घळीत अंधार त्याआधीच शिरतो. मागे फिरण्याच्या वेळेचा अलार्म सकाळीच लावून ठेवा.

बॅटरीबद्दल एवढंच, की पॉवर बँकेवर लावलं असताना तुमचं घड्याळ नोंद चालू ठेवतं का, हे घरी तपासा. काही घड्याळं चार्जिंगला लावताच नोंद थांबवतात.

आता संकटाची गोष्ट. बऱ्याच घड्याळांतलं एसओएस हे जोडलेल्या मोबाइलमार्फत जातं, आणि मोबाइलला रेंज नसेल तर ते तिथेच अडकतं. थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांकडून मागवायचा विचार असेल तर थांबा; भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक फोनमध्ये असू द्या, आणि रेंज मिळालेली शेवटची जागा घड्याळात खूण करून ठेवा.

फोन लागला की पहिला प्रश्न येतो, "नक्की कुठे आहात?" घड्याळ तुमची जागा तीन तऱ्हांनी दाखवू शकतं: अंश-मिनिटं-सेकंद, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा नुसते दशांश अंश. घड्याळावर १९ अंश २३.५ मिनिटं आहे आणि पलीकडच्याने १९.२३५ अंश असं लिहून घेतलं, तर बचाव पथक १७ किलोमीटर दक्षिणेला जाईल. कंपन्यांनी एका बटणावर एक स्वच्छ पान द्यावं: मोठ्या आकड्यांत जागा, खाली उंची, वेळ आणि बॅटरी. ते येईपर्यंत सेटिंगमध्ये दशांश अंश निवडा, कारण मोबाइलच्या नकाशातही तेच सरळ भरता येतात. चौथ्या दशांश स्थळापर्यंत वाचलं तरी ११ मीटरच्या आतबाहेर जागा कळते. एक-एक अंक सुटा म्हणा, दशांश चिन्हाला 'पॉइंट' म्हणा, आणि पलीकडच्याकडून सगळं पुन्हा वाचून घ्या. पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्री घरच्या एखाद्याला दुसऱ्या खोलीत बसवून फोनवरून हे एकदा करून पाहा.